अकरा वर्षं पुण्यात गाडी चालवली, आता जर्मनीत परत परीक्षा का द्यायची?

मला आलेलं एक पत्र थोडं छोटं करून देतेय:

"ताई, मी ३४ वर्षांची, पुण्याची. चार महिन्यांपूर्वी मुलीला घेऊन इकडे ब्योब्लिंगेनजवळच्या एका गावात आले, नवरा दीड वर्ष आधी आला होता. पुण्यात मी ११ वर्षं गाडी चालवली, रोज हडपसर ते हिंजवडी आणि परत, कधी कुणाला धक्का लागला नाही. इथे कोणी म्हणतं भारतीय लायसन्स नुसतं बदलून मिळतं, कोणी म्हणतं सहा महिन्यांनी सगळंच संपतं. माझं इंटरनॅशनल परमिट एक वर्षाचं आहे, म्हणजे वर्षभर चालेल ना? एका फाहरशूलेत (ड्रायव्हिंग स्कूलमध्ये) फोन केला तर त्यांनी एकदम ३००० युरोच्या आसपास सांगितले. नवरा म्हणतो एस-बान (लोकल ट्रेन) आहे, बस आहे, तुला कशाला ही कटकट, तो स्वतः पहिल्या वेळी नापास झाला होता. पण मुलीचं किंडरगार्टन टेकडीवर आहे आणि बस तासाला एक. खरं सांगू का, परत शिकाऊ म्हणून बसायचं ह्याचंच जास्त वाईट वाटतंय. आणि माझं पुण्याचं लायसन्स जमा करावं लागतं म्हणे, ते खरं आहे का? ते काढायला बाबा माझ्याबरोबर आरटीओत दिवसभर उभे होते. – स."

प्रिय स.,

आधी तुझा आनमेल्डुंगचा (राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा) कागद काढ आणि त्यावरची तारीख बघ. तू जर्मनीत राहायला आलीस तिथपासून सहा महिने तुझं भारतीय लायसन्स इथे चालतं, सातव्या महिन्यापासून नाही. हे सहा महिने परमिटवरच्या तारखेवर अजिबात अवलंबून नाहीत. इंटरनॅशनल परमिट म्हणजे तुझ्या मूळ लायसन्सचं बऱ्याच भाषांतलं भाषांतर, बाकी काही नाही, त्यावर एक वर्ष लिहिलेलं असो नाहीतर तीन, इथे राहायला आलेल्या माणसाला सहाच महिने. ह्यात माझ्या ओळखीतली निदान चार माणसं फसली आहेत, परमिटवर पुढच्या वर्षाची तारीख बघून निवांत राहिली. आणि हे नुसत्या दंडाच्या पावतीवर भागत नाही गं, सहा महिन्यांनंतर गाडी चालवलीस तर कायद्याच्या नजरेत ती विनालायसन्स गाडी, तो इथे गुन्हा आहे, खटला होतो, आणि त्यात अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पैसे तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकतात. तुझे चार महिने गेलेत, दोन उरलेत.

पण एक गोष्ट लोक उलटी सांगतात, तीही ऐकून ठेव. सहा महिने संपले की तुझा गाडी चालवायचा हक्क संपतो, लायसन्स बदलून घ्यायचा हक्क संपत नाही. म्हणजे दोन महिन्यांत सगळं उरकलं नाही तर जग बुडालं असं नाही, मधला काळ फक्त चालवायचं नाही. त्यामुळे घाबरून कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या "परीक्षा न देता लायसन्स" वाल्याला पैसे देऊ नकोस. असले मेसेज दर महिन्याला फिरतात, ते कार्ड खोटं असतं आणि पकडलं गेलं की तुमच्या व्हिसापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

आता "नुसतं बदलून मिळतं" हे कुठून आलं ते सांगते. जर्मनीची एक यादी आहे, त्या यादीतल्या काही देशांचं लायसन्स परीक्षा न देता बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही. म्हणून आपल्याला लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पण तुझी ११ वर्षं पाण्यात गेली असंही नाही, आणि इथेच त्या ३००० युरोंचा घोळ आहे. इथल्या अठरा वर्षांच्या नवख्या पोराला थिअरीच्या दीड-दीड तासाच्या १४ वर्गांना बसणं सक्तीचं, शिवाय गावाबाहेरचे ५, ऑटोबानचे (एक्सप्रेसवेचे) ४ आणि रात्रीचे ३ असे १२ खास ड्रायव्हिंग तास सक्तीचे. तुला ह्यातलं काहीही सक्तीचं नाही. परत फोन करशील ना, तर पहिलंच वाक्य "मला उमश्रायबुंग करायचंय, माझ्याकडे भारताचं लायसन्स आहे" असं बोल (उमश्रायबुंग म्हणजे असलेलं लायसन्स बदलून घेणं), लायसन्स काढायचंय असं म्हणूच नकोस, तसं म्हटलंस की ते पूर्ण कोर्सचा भाव सांगणार. फाहरशूले मात्र लागतेच, कारण प्रॅक्टिकल परीक्षा त्यांच्याच गाडीतून, शेजारी त्यांचा इन्स्ट्रक्टर बसवून द्यावी लागते. तास किती घ्यायचे ते तू आणि तो मिळून ठरवायचं. आमच्या ओळखीतल्या पुणे-नाशिकहून आलेल्या, भारतात नियमित चालवणाऱ्या लोकांना साधारण आठ ते पंधरा तास लागले. एका तासाचे, म्हणजे ४५ मिनिटांचे, ६० ते ८० युरो धर. दोन-तीन ठिकाणी विचार, आणि जो पहिल्या फोनवर पॅकेज गळ्यात मारतो त्याच्यापेक्षा जो "या, एक तास चालवून दाखवा मग सांगतो" म्हणतो त्याच्याकडे जा.

कागदपत्रं ह्याच आठवड्यात सुरू कर, कारण सगळ्यात जास्त वेळ परीक्षेला लागत नाही, ऑफिसात फाईल पडून राहते त्याला लागतो. अर्ज लांड्रात्सआम्टच्या (जिल्हा कार्यालयाच्या) लायसन्स विभागात जातो, मंजुरीला काही आठवडे सहज जातात, कुठे कुठे दोन-तीन महिनेही. लागतं काय, तर पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट, आनमेल्डुंग, बायोमेट्रिक फोटो, मूळ लायसन्स आणि त्याचं जर्मन भाषांतर (एडीएसी ह्या मोटारचालकांच्या क्लबकडून किंवा अधिकृत भाषांतरकाराकडून), डोळ्यांच्या तपासणीचा कागद, तो कुठल्याही चष्म्याच्या दुकानात दहा मिनिटांत सात-आठ युरोला होतो, आणि फर्स्ट एडचा कोर्स. हा कोर्स एका दिवसाचा असतो, रेड क्रॉस, योहानिटर, माल्टेझर अशा बऱ्याच संस्था घेतात, स्टुटगार्टात इंग्लिशमधूनही मिळतो. शनिवारी नवऱ्याला मुलीकडे बघू दे आणि तू जाऊन ये. तुझं पुण्याचं लायसन्स अजून व्हॅलिड आहे ना तेही आजच बघ, मुदत संपत आली असेल तर आधी ते काम.

लेखी परीक्षेचं फार टेन्शन घेऊ नकोस पण हलक्यातही घेऊ नकोस. इंग्लिशमधून देता येते. ३० प्रश्न असतात, चुकलेल्या प्रश्नाचे एरर पॉइंट मोजतात, १० पर्यंत चालतं, पण पाच पॉइंटचे दोन प्रश्न चुकले की बाकी सगळं बरोबर असूनही नापास. प्रश्नांची बँक हजाराच्या वर आहे, ॲपवर रोज पन्नास-साठ प्रश्न सोडव, मुलगी झोपल्यावर. एका प्रश्नाला दोन किंवा तीनही उत्तरं बरोबर असतात आणि एक राहिलं तरी प्रश्न चुकीचाच धरतात, आपल्याकडच्या हुशार लोकांचे पॉइंट इथेच जातात. काही प्रश्नांत आकडा टाकायचा असतो. गाडी थांबायला किती अंतर लागतं त्याचं गणित पाठच कर: वेगाला १० ने भागून ३ ने गुणलं की तुझं लक्ष जाऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंतचं अंतर, आणि वेगाला १० ने भागून त्याचा वर्ग केला की ब्रेक लागल्यानंतरचं. ५० च्या वेगाला १५ आणि २५, मिळून ४० मीटर. १०० ला ३० आणि १००, म्हणजे १३० मीटर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एक्सप्रेसवेवर आपण पुढच्या गाडीच्या किती जवळ चिकटून जायचो ते आठवून पोटात गोळा आला होता.

आता खरं सांगायचंय ते. तुला शिकाऊ म्हणून बसायचं वाईट वाटतंय, मला कळतं गं, मीही आले तेव्हा नऊ वर्षं चालवलेली होती आणि पहिल्या तासाला इन्स्ट्रक्टरने मला आरसे कसे लावायचे ते दाखवलं तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं नाही इतका राग आला होता. पण पुण्यात आपण गाडी कशी चालवतो ते शांतपणे आठव. डोळे समोर, आणि मागचं आणि बाजूचं सगळं कानांवर. डावीकडून स्कूटर घुसतेय, ती हॉर्न देते. मागून पीएमटीची बस येतेय, ती हॉर्न देते. आपणही वळणावर हॉर्न देतो, समोरच्याला कळतं. म्हणजे कोण कुठे आहे ते आपल्याला बाकीचेच सांगत असतात, आणि ११ वर्षांत तुझे कान त्यात इतके तयार झालेत की तुझं तुलाच माहीत नाही. इथे हॉर्न नाही. इथे तुझ्या उजव्या बाजूने सायकलवाला येतो तो एक आवाज न करता येतो, सरळ जाणाऱ्या सायकलला तुझ्या वळण्याआधी हक्क आहे, आणि त्याची पूर्ण खात्री आहे की तू वळायच्या आधी मान वळवून बघणार. त्याचा जीव त्या मान वळवण्यावर आहे. त्यालाच शुल्टरब्लिक म्हणतात, खांद्यावरून मागे बघणं, आरशात नाही, मान फिरवून. उजवीकडे वळताना, लेन बदलताना, पार्किंगमधून निघताना, दार उघडतानासुद्धा. परीक्षेत हे राहिलं की नापास होतात आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

मी स्वतः पहिल्या वेळी दुसऱ्याच गोष्टीवर नापास झाले. ३० च्या झोनमधला साधा रहिवासी रस्ता, मी सरळ चाललेय, रस्ता चांगला रुंद, उजवीकडून एक बारीक गल्ली येऊन मिळते, कोपऱ्यावर उंच झुडुपांचं कुंपण. गल्लीच्या तोंडाशी एक करडी व्हॅन आली. माझ्या डोक्यात आपलं सरळ गणित, मी मोठ्या रस्त्यावर, तो गल्लीतून येतोय, तोच थांबणार. मी वेगही कमी केला नाही. पुढच्या क्षणी गाडी धाडकन थांबली, ब्रेक मी मारलाच नव्हता, शेजारच्या इन्स्ट्रक्टरने मारला होता, आणि त्याचा पाय ब्रेकवर पडला की परीक्षा तिथेच संपते. व्हॅनवाला आमच्यासमोरून शांतपणे निघून गेला, त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही झालंच नव्हतं, हक्क त्याचा होता. रेख्ट्स फोर लिंक्स, उजवीकडचा आधी. चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, त्याची गल्ली कितीही बारकी असो. मागच्या सीटवरच्या परीक्षक बाईंनी मला नंतर एवढंच सांगितलं की तुम्ही गाडी चांगली चालवता पण उजवीकडे बघत नाही. तीन आठवड्यांनी परत दिली तेव्हा त्या तीन आठवड्यांत मी काय केलं माहितेय का, रोज संध्याकाळी आमच्या भागात पायी फिरले. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून स्वतःला विचारायचं, इथे पहिला कोण? पिवळा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी दिसली तर रस्ता माझा, टोक खाली असलेला लाल काठाचा त्रिकोण दिसला तर मी दुसऱ्यांना आधी जाऊ देणार, काहीच नसेल तर उजवीकडचा. हे तू आजपासून कर, किंडरगार्टनला पायी जाताना मुलीबरोबर खेळ म्हणून कर, पाच वर्षांची पोर आठवड्यात तुझ्या आधी सांगायला लागेल. एक पैसा खर्च नाही आणि दहा तासांचं शिक्षण होतं.

हातांचंही थोडं सांगते. तुझी पुण्याची गाडी बहुतेक मारुती नाहीतर ह्युंदाई असणार, त्यात इंडिकेटर उजव्या हाताला, इथे डाव्या हाताला. पहिले काही दिवस वळायच्या वेळी तुझे वायपर चालू होतील, कडक उन्हातही. गिअर आता उजव्या हाताने टाकायचा, आणि डावा हात सवयीने गिअर शोधायला जाऊन दारावर आपटेल. ह्यात काही नाही, चार-पाच तासांत बसतं. मॅन्युअलवरच परीक्षा दे असं मी सांगीन, तुला गिअरची सवय आहेच, आणि ऑटोमॅटिकवर दिलीस आणि फाहरशूलेत गिअरच्या गाडीचं वेगळं प्रशिक्षण घेतलं नाहीस तर लायसन्सवर ७८ नंबरचा कोड येतो, म्हणजे फक्त ऑटोमॅटिकच चालवायची. मात्र घरची गाडी ऑटोमॅटिक असेल आणि आत्ता गिअरचं ओझं नको वाटत असेल तर तीही चूक नाही, मान वळवायला डोकं मोकळं राहतं.

प्रॅक्टिकल एकूण ५५ मिनिटांची असते आणि जर्मनमधून असते, ह्याला घाबरू नकोस. परीक्षक गप्पा मारायला येत नाही, त्याचे शब्द मोजके: लिंक्स (डावीकडे), रेख्ट्स (उजवीकडे), गेराडेआउस (सरळ), वेंडन (गाडी उलट वळवा), आइनपार्कन (पार्क करा), आनहाल्टन (थांबा). असे पंधरा-वीस शब्द इन्स्ट्रक्टरला पहिल्या तासापासून जर्मनमध्येच बोलायला लाव, तो इंग्लिश बोलणारा असला तरी. सुरुवातीला गाडीबद्दल एक-दोन प्रश्न येतात, टायरची नक्षी कमीत कमी किती (१.६ मिलिमीटर), लाइट कसे तपासायचे वगैरे. एकदा जोरात ब्रेक मारून दाखवायला सांगू शकतात, तिथे लाजत लाजत ब्रेक मारायचा नाही, पूर्ण ताकदीने मारायचा. स्टॉपच्या पाटीशी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता मोकळा असला तरी. थांब्यावरच्या बसचे चारही इंडिकेटर लुकलुकत असले तर तिच्याजवळून माणूस चालतो त्या वेगाने जायचं, तू समोरून येत असलीस तरीसुद्धा. सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर जागा सोडायची, तेवढी जागा नसेल तर मागेच राहायचं, मागचा कितीही चिकटला तरी. नापास झालीस तर साधारण दोन आठवडे थांबून परत देता येते.

उरलेले दोन महिने नुसते घालवू नकोस. आत्ता तुला कायद्याने चालवता येतं, तर रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात तेव्हा नवऱ्याला शेजारी बसवून चालव, फक्त त्याआधी गाडीच्या इन्शुरन्समध्ये तुझं नाव ड्रायव्हर म्हणून घालायला सांग, हे लोक हमखास विसरतात. सहा महिने संपल्यावर मात्र सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्येसुद्धा नाही, तीही सार्वजनिक जागाच धरतात. तेव्हा हात बसवायचा असेल तर फेरकेर्स-य्युबुंग्सप्लाट्झ नावाची सरावाची बंदिस्त मैदानं असतात, थोडी फी भरून तिथे लायसन्सशिवाय चालवता येतं.

तुझ्या नवऱ्याबद्दल. तो वाईट हेतूने म्हणत नसणार, तो नापास झालाय, त्याला ती मनस्तापाची आठवण आहे आणि पैशांचीही. पण तासाला एक बस म्हणजे काय ते नोव्हेंबरमध्ये कळतं, साडेचारला काळोख, पोरीला ताप, आणि फलकावर पुढची बस ५२ मिनिटांनी. त्या वेळी फोन करून "तू येतोस का" विचारायचं, आणि तो मीटिंगमध्ये. मी दोन हिवाळे असे काढले. पुण्यात तू स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या वेळेला जायचीस, इथे येऊन प्रत्येक ठिकाणी कुणाच्या तरी सोयीने जाणं ही सवय हळूहळू लागते आणि मग नोकरी शोधतानासुद्धा आपण आधी बसचं टाइमटेबल उघडतो. म्हणून हा खर्च घराचा खर्च म्हणून धरा, तुझा हट्ट म्हणून नाही. आणि तू राहतेस तिथून फोर्झहाइम फार लांब नाही. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ मानहाइमहून दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या गाडीतून, नवऱ्याला न सांगता, त्याच फोर्झहाइमला आईकडे गेली. शंभर किलोमीटरच्या वर, रस्त्यात इंधन संपलं तर वीसलोखच्या औषधांच्या दुकानातून घेतलं. जगातला मोटारीने केलेला पहिला लांबचा प्रवास तो. लायसन्स मिळालं की मुलीला घेऊन तिकडे एक चक्कर मार, तो रस्ता आजही तिच्या नावाने आहे, पाट्याही लावल्यात.

आता बाबांनी काढून दिलेल्या लायसन्सचं. खरं आहे, जर्मन कार्ड हातात देताना ते भारतीय कार्ड जमा करून घेतात, सोबत आठवण म्हणून ठेवू देत नाहीत. पण भारतातली तुझी नोंद त्यामुळे पुसली जात नाही, परिवहनच्या सिस्टिममध्ये नंबर राहतो, डिजीलॉकरमध्ये आत्ताच घेऊन ठेव, भारतीय मोबाईल नंबर चालू आहे तोवर, नंतर ओटीपीसाठी अडतं. आणि जमा करायला जायच्या आदल्या दिवशी कार्डाच्या दोन्ही बाजू नीट उजेडात स्कॅन कर. मी केलं नव्हतं. माझ्या कार्डावरचा फोटो २१ व्या वर्षीचा होता, केस ओले होते कारण आम्ही पावसात रांगेत उभे होतो, आणि तो फोटो आता माझ्याकडे कुठेच नाही.